रायफल आली, दुर्बीण राहिली

लष्करासाठी नवी रायफल घेतली की आपल्याकडे एक ठरलेला सोहळा होतो. चॅनेलवर अँकर घसा फोडतो, 'शत्रूचा थरकाप' छापाचे व्हिडिओ येतात आणि शाळेच्या, सोसायटीच्या, ऑफिसच्या ग्रुपांवर तेच फॉरवर्ड गोल गोल फिरतं. रेंज किती, वजन किती, मिनिटाला गोळ्या किती... लोकांना सचिनच्या शतकांसारखं पाठ असतं. मग कुणीतरी 'जय हिंद' लिहितो, बाकीचे तिरंगे टाकतात आणि पुढच्या मिनिटाला 'कुणाकडे चांगला प्लंबर आहे का?' विषय संपला.

मला या सोहळ्यात एकच बाळबोध प्रश्न पडतो. ती रायफल रात्री काय कामाची?

म्हणजे गोळी सुटते हो. गोळीला दिवस काय आणि रात्र काय. पण ज्याच्यावर झाडायची तो माणूस दिसतो का? नियंत्रण रेषा ओलांडून येणारा घुसखोर सकाळी दहा वाजता हजेरी लावायला येत नाही. तो रात्री येतो. ढग असतील, धुकं असेल, तर त्याच्यासाठी आणखी उत्तम.

आता तारखा बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये आपण अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून ७२,४०० सिग-७१६ रायफली घ्यायचा करार केला. साधारण ७०० कोटी रुपये. तातडीची गरज म्हणून फास्ट ट्रॅकवर. रायफल उत्तम आहे, वाद नाही. ७.६२ बाय ५१ ची दणदणीत गोळी, लांब पल्ला. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३,००० मागवल्या, ८३७ कोटींना. आणि या रायफलींसाठी नाइट साइटचं, म्हणजे रात्री नेम धरायच्या दुर्बिणीचं, मोठं कंत्राट कधी झालं? ऑक्टोबर २०२५ मध्ये. ६५९.४७ कोटी रुपये, कानपूरच्या एमकेयू कंपनीच्या नेतृत्वाखालच्या गटाला. संरक्षण मंत्रालयाने तेव्हा सांगितलं की या साइटमुळे जवानाला रायफलचा ५०० मीटरपर्यंतचा पल्ला नुसत्या चांदण्याच्या उजेडातही वापरता येईल.

हे वाक्य उलटं वाचा. म्हणजे तोवर, करारानंतरची साडेसहा वर्षं, बहुतेक जवानांना रात्री तो पल्ला पुरता वापरता येत नव्हता. मधल्या काळात थोड्याथोडक्या नाइट साइट येत होत्या, अगदीच नाही असं नाही. पण लाख-दीड लाख रायफली आणि मूठभर साइट, हा हिशोब कुठल्याही किराणा दुकानदाराला विचारा, तो हसेल.

आणि आकडे पुन्हा बघा. पहिल्या खेपेच्या रायफली ७०० कोटींच्या, साइटचं कंत्राट ६६० कोटींचं. ज्याला आपण 'ॲक्सेसरी' म्हणतो ती जवळपास मूळ वस्तूइतकीच महाग आहे. मोबाइलचं कव्हर नव्हे ते, मोबाइलचा स्क्रीन आहे. स्क्रीनशिवाय फोन विकत घेऊन साडेसहा वर्षं कुणी 'काय भारी प्रोसेसर आहे!' असं म्हणत बसलं तर त्याला आपण काय म्हणू?

माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो सरळ सांगून टाकतो. आपण वस्तू विकत घेतो, सैनिक सज्ज करत नाही. आणि याचं कारण पैसा नाही, तंत्रज्ञान नाही, देशभक्तीचा अभाव तर मुळीच नाही. कारण आहे आपली गरज लिहिण्याची आणि खरेदी करण्याची पद्धत. आपल्यापैकी निम्मे लोक रिक्वायरमेंट डॉक्युमेंटवर पोट भरतात. त्यामुळे हा रोग निदान आपल्याला तरी ओळखता यायला हवा.

थोडं तांत्रिक, कंटाळू नका. आधुनिक रायफलच्या पाठीवर एक दातेरी पट्टी असते, तिला पिकाटिनी रेल म्हणतात. हे रायफलचं यूएसबी पोर्ट समजा. ठरलेलं माप, त्यामुळे कुठल्याही कंपनीची साइट, टॉर्च, लेझर, पुढची मूठ त्यावर बसते. बसते म्हणजे यांत्रिकदृष्ट्या बसते. पण पोर्टमध्ये वायर शिरली म्हणजे डिव्हाइस चालेलच असं थोडंच आहे? ७.६२ बाय ५१ च्या रायफलचा दणका ५.५६ वाल्यापेक्षा बराच जास्त असतो. प्रत्येक गोळीला साइटला तो दणका बसतो. साइट तेवढी दणकट नसेल तर तिचा 'झिरो', म्हणजे लावून ठेवलेला नेम, सरकतो. शंभर मीटरवर बोटभर सरकलेला नेम पाचशे मीटरवर पाच बोटं सरकतो. शिवाय साइटला बॅटरी लागते आणि उणे वीस अंशात बॅटरी किती लवकर मान टाकते हे हिवाळ्यात हिमाचलला गेलेल्या प्रत्येक मोबाइलवाल्याला माहीत आहे. म्हणजे जादा बॅटऱ्या आल्या, त्यांचं वजन आलं, त्या ठेवायचे पाऊच आले, चार्जिंग आलं. साइटमध्येही दोन जाती. एक असलेला अंधुक उजेड हजारो पटींनी वाढवते, दुसरी अंगाची उष्णता पाहते. धुक्यात एक गडबडते, दुसरी तुलनेने तग धरते, पण ती महाग आणि बॅटरीखाऊ.

सांगायचा अर्थ, रायफल, साइट, मॅगझिन, गोळी, बॅटरी, पाऊच, जाकीट आणि या सगळ्याच्या खाली असलेला माणूस, हे एकच यंत्र आहे. एक भाग बदलला की बाकीचे हलतात. गंमत म्हणजे हे आपल्या लष्कराला फार आधी कळलेलं होतं! दोन हजारच्या दशकात लष्कराने एक कार्यक्रम आखला, त्याचं नावच 'फ्यूचर इन्फन्ट्री सोल्जर ॲज अ सिस्टिम', थोडक्यात एफ-इन्सास. सैनिक म्हणजे एक सिस्टिम. अगदी बरोबर विचार! ऑगस्ट २०२२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी तो संच समारंभपूर्वक लष्कराकडे सोपवला. नावात सिस्टिम आली, खरेदी मात्र सुट्या भागांचीच राहिली. रायफलची फाइल वेगळी, साइटची वेगळी, जाकिटाची वेगळी, बुटांची वेगळी. आणि प्रत्येक फाइलला तिचं तिचं आयुष्य.

सुटा भाग दुय्यम मानला की काय होतं त्याचा धडा आपण एकदा रक्त सांडून घेतलेला आहे. इन्सास रायफल. डिझाइन आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीईचं, उत्पादन ईशापूर आणि तिरुचिरापल्लीला. कागदावर वाईट नव्हती. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत गेली आणि तक्रारी सुरू झाल्या. त्यातली सर्वात गाजलेली तक्रार कुठली? नळीची नाही, नेमाची नाही. मॅगझिन तडकतं! गोळ्या ठेवायची अर्धपारदर्शक प्लास्टिकची डबी. बाहेरून गोळ्या मोजता याव्यात म्हणून पारदर्शक, कल्पना चांगली. पण उणे तापमानात ठिसूळ. एवढ्या मोठ्या प्रकल्पाचं नाव त्या डबीने घालवलं. शिवाय रायफल अडकणे, तीन गोळ्यांच्या बर्स्टवर ठेवली की थांबायचं नावच न घेणे, तोंडावर तेल उडणे. पुढे सुधारणा झाल्या, पण जवानाचा विश्वास एकदा उडाला की तो पॅच टाकून परत येत नाही.

२००५ मध्ये नेपाळच्या लष्करानेही माओवाद्यांशी झालेल्या मोठ्या चकमकीनंतर इन्सासबद्दल जाहीर तक्रार केली. आपल्याकडून उत्तर काय गेलं? रायफल नीट वापरली नसेल, साफ केली नसेल. युजर एरर! :) टिकीट क्लोज्ड. हे उत्तर कुठल्या जातीच्या लोकांकडून येतं ते तुम्हाला-मला चांगलं माहीत आहे.

मग इन्सासला पर्याय शोधायचा ठरला. आता इथे आपल्या धंद्यातले लोक डोक्याला हात लावतील. २०११ मध्ये निविदा निघाली ६६,००० रायफलींची. अट अशी की एकाच रायफलची नळी बदलून ५.५६ ची गोळीही झाडता आली पाहिजे आणि ७.६२ बाय ३९ चीही. म्हणजे सकाळी स्कूटर, संध्याकाळी बुलेट, फक्त चाकं बदलायची. जगातल्या पाच नामांकित कंपन्या चाचणीला उतरल्या. चार वर्षं चाचण्या, पत्रव्यवहार, शंका, खुलासे. २०१५ मध्ये निविदा रद्द. हाती शून्य.

मनोहर पर्रीकर तेव्हा संरक्षणमंत्री होते. गोव्याचा आयआयटीवाला माणूस, कागद वाचणारा. लष्कराच्या काही गुणवत्ता-अटी मार्व्हल कॉमिक्समधून उचलल्यासारख्या वाटतात, अशा अर्थाचं ते तेव्हा उघडपणे बोलले होते. मला हे वाक्य फ्रेम करून प्रत्येक बिझनेस ॲनालिस्टच्या टेबलावर ठेवावंसं वाटतं.

कारण हा खास आपला आजार आहे. रिक्वायरमेंट लिहिणारा माणूस ती वस्तू वापरणारा नसतो. तो चार देशांची ब्रोशर समोर ठेवतो, प्रत्येकातलं सर्वात भारी फीचर उचलतो आणि सगळ्यांची बेरीज करतो. आमच्या एका जुन्या क्लायंटने (नाव नको) असंच केलं होतं. त्याला एकाच स्क्रीनवर सगळं हवं होतं. दोन वर्षं गेली, काउंटरवरची माणसं एक्सेलमध्येच काम करत राहिली. तिथे फार तर पैसे बुडाले. इथे काउंटरवर जो बसलाय तो कुपवाड्यात आहे.

पुढचा गोंधळ बघा. आधी ५.५६ हवी होती. मग दोन्ही हव्या झाल्या. मग २०१६ मध्ये ७.६२ बाय ५१ हवी झाली, त्यातून सिग आली. मग ७.६२ बाय ३९ ची एके-२०३, अमेठीजवळच्या कोरव्यात रशियाबरोबर बनवायची. तो कारखाना मार्च २०१९ मध्ये जाहीर झाला, ६,०१,४२७ रायफलींचा करार डिसेंबर २०२१ मध्ये, आणि जुलै २०२४ पर्यंत हातात आल्या ३५,०००. आज आपल्या पायदळात तीन वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या नांदताहेत. तीन मापं म्हणजे तीन प्रकारची मॅगझिन्स, तीन प्रकारचे पाऊच, तीन पुरवठा साखळ्या. ज्याने कधी तीन वेगवेगळ्या डेटाबेसवर एकच ॲप्लिकेशन चालवलंय त्याने डोळे मिटून क्षणभर याचा विचार करावा.

आणि कार्बाइन? जवळच्या लढाईसाठी, घरात घुसून, जिन्यात, बोळात वापरायची आखूड बंदूक. आपली जुनी ९ मिलिमीटरची कार्बाइन म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंगची भारतीय आवृत्ती, साठच्या दशकातली. तिच्या जागी ४४,६१८ कार्बाइन घ्यायची निविदा २०१०-११ च्या सुमाराची. २०१६ मध्ये रद्द. मग २०१८ मध्ये फास्ट ट्रॅकवर ९३,८९५ घ्यायच्या ठरल्या, अमिरातीची कॅराकल कंपनी सर्वात स्वस्त ठरली. २०२० मध्ये तेही रद्द. फास्ट ट्रॅक! मग २०२२ मध्ये नव्याने मंजुरी, आणि डिसेंबर २०२५ मध्ये कुठे सव्वाचार लाख कार्बाइनचा २,७७० कोटींचा करार, भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टिम्सशी. पुण्याची एआरडीई आणि पुण्याचीच भारत फोर्ज, त्यामुळे आपली कॉलर ताठ होणं साहजिक आहे. होऊ दे. पण पंधरा वर्षं! पंधरा वर्षांत आपण नोकियाच्या बटणांच्या फोनवरून कुठे पोचलो, आणि तेवढ्या वेळात एक आखूड बंदूक ठरेना.

आता जाकीट. हे वाचताना मला सर्वात जास्त चीड येते.

२००९ मध्ये १,८६,१३८ बुलेटप्रूफ जाकिटांना मंजुरी मिळाली. करार झाला एप्रिल २०१८ मध्ये, एसएमपीपी कंपनीशी, ६३९ कोटींना. मध्ये चाचण्या झाल्या, नापास झाल्या, पुन्हा झाल्या. दरम्यान अगदीच निकड म्हणून २०१६ मध्ये ५०,००० जाकिटं टाटांच्या कंपनीकडून घेतली. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव तुम्हाला माहीत असेल, घराघरातून फौजेत माणूस असलेलं. २००९ मध्ये तिथल्या शाळेत पाचवीत असलेला पोरगा २०१८ मध्ये भरती होऊन सीमेवर पोचू शकत होता. जाकिटाची फाइल मात्र अजून पोचत होती.

६३९ कोटी भागिले १,८६,१३८. जाकिटामागे चौतीस हजार रुपये. आपल्यातल्या अनेकांच्या हातातला फोन याहून महाग आहे. २०१६ च्या राफेल कराराशी तुलना करा. ३६ विमानं, शस्त्रं आणि सुटे भाग वगैरे धरून सुमारे ५९,००० कोटी. म्हणजे ही सगळीच्या सगळी जाकिटं अर्ध्या राफेलच्याही आत बसतात. राफेल नको असं मी म्हणत नाहीये, उगाच कमेंटमध्ये तलवारी काढू नका. मी एवढंच म्हणतोय की 'पैसे नव्हते' हे कारण टिकत नाही.

जाकिटाबाबत आणखी एक गोष्ट. जाकीट काय थांबवतं आणि कुठलं अंग झाकतं, हे दोन प्रश्न सर्वात महत्त्वाचे. साध्या शिशाच्या गोळीला थांबवणारं जाकीट पोलादी गाभ्याच्या गोळीसमोर हात टेकू शकतं. अशा गोळ्या काश्मीरमध्ये वापरल्या जाताहेत ही चर्चा २०१७ च्या अखेरच्या लेथपोरा हल्ल्यानंतर उघडपणे झाली. त्यासाठी बोरॉन कार्बाइडसारख्या सिरॅमिकच्या प्लेटा लागतात, अतिशय कठीण आणि वजनाला हलक्या. त्या पडल्या, आपटल्या की आतून भेगा जाऊ शकतात आणि वरून काही दिसत नाही. म्हणजे जाकीट घेऊन भागत नाही, ते अधूनमधून तपासावंही लागतं. आणि बुलेटप्रूफ जाकिटासाठी भारताचं स्वतःचं राष्ट्रीय मानक कधी आलं माहितीये? २०१८ मध्ये. हेल्मेटला, प्रेशर कुकरला, गॅसच्या शेगडीला आयएसआयचा शिक्का आपण लहानपणापासून बघतोय. जाकिटाला २०१८!

हे फक्त सीमेवरचं दुखणं आहे असं मुंबईकरांनी तरी समजू नये. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात काय होतं? जुन्या .३०३ रायफली आणि लाठ्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी कसाबच्या रायफलची नळी उघड्या हातांनी धरली. हेमंत करकरेंना गोळ्या जाकिटाने न झाकलेल्या भागात लागल्या असं पुढे सांगितलं गेलं. असेल. पण पडताळून बघायला ते जाकीटच राहिलं नाही, रुग्णालयातून गहाळ झालं. ओंबळेंच्या शौर्यावर आपण दर नोव्हेंबरला स्टेटस ठेवतो. ठेवायलाच हवं. पण त्या शौर्याची किंमत इतकी का मोजावी लागली, हा प्रश्न स्टेटसमध्ये मावत नाही.

आणि सियाचिन. कॅगचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत ठेवला गेला. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बर्फातल्या गॉगलची कमतरता ६२ ते ९८ टक्के. बूट वेळेवर मिळाले नाहीत म्हणून जुने दुरुस्त करून वापरले. फेस मास्क, जाकिटं, स्लीपिंग बॅगा जुन्या बनावटीच्या घेतल्या. ठरलेल्या रेशनऐवजी बदली पदार्थ दिल्याने काही ठिकाणी उष्मांकांत ८२ टक्क्यांपर्यंत घट. गॉगल म्हणजे फॅशन नव्हे. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांनी काही तासांत डोळे आंधळ्यासारखे होतात. लष्कराने तेव्हा म्हटलं की ही माहिती जुनी आहे, आता परिस्थिती सुधारलीय. मान्य. मग २०२० च्या जूनमध्ये गलवान झालं, लडाखमध्ये हजारो जादा जवान हिवाळ्यासाठी ठेवायची वेळ आली, आणि अमेरिकेकडून घाईघाईने थंडीचे कपडे आणावे लागले.

हीच आपली पद्धत आहे. २०१६ ला उरी झालं, तातडीची खरेदी. २०१९ ला पुलवामा-बालाकोट, तातडीची खरेदी. २०२० ला गलवान, तातडीची खरेदी. आपण म्हणतो ना, शुक्रवारी रात्री प्रॉडक्शनवर हॉटफिक्स, अगदी तसंच. हॉटफिक्स वाईट नसतो, वेळ निभावते. पण ज्या कंपनीत सगळंच हॉटफिक्सवर चालतं तिथला आर्किटेक्ट काय करतो, हे कुणीतरी विचारायला नको?

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला : 'आमचा जवान दगडानेही लढेल.' लढेल हो! लढतोच. म्हणूनच तर त्याला दगड देऊन पाठवायची आपली हिंमत होते. शौर्याची स्तुती ही साधनांच्या अभावाची पावती होता कामा नये.

दुसरा : 'परदेशी घेण्यापेक्षा वेळ लागला तरी स्वदेशी बरं.' मलाही स्वदेशीच हवंय, मी काय सिग सॉअरचा एजंट नाही. पण स्वदेशी म्हणजे कमी दर्जा चालवून घेणं नव्हे, आणि नुसतं शिवण आपलं, कापड दुसऱ्याचं, हेही नव्हे. जाकिटांच्या कच्च्या मालाचा काही भाग चीनमधून येतो हे २०२० मध्ये, नेमकं गलवाननंतर, सगळ्यांच्या लक्षात आलं. खरं स्वदेशी म्हणजे पहिली आवृत्ती जवानाच्या हातात द्यायची, शिव्या खायच्या, दुसरी आवृत्ती काढायची. शिव्या खायची तयारी नसेल तर स्वदेशी हे फक्त स्टिकर आहे.

तिसरा : 'अमेरिकासुद्धा चुकते.' चुकते की! त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्सवरून सैनिकांसाठी स्मार्ट गॉगल करायला घेतला, २०२१ चा करार, कमाल रक्कम जवळपास २२ अब्ज डॉलर. चाचणीत सैनिकांचं डोकं दुखलं, मळमळलं. पण फरक बघा. वस्तू सैनिकाच्या डोक्यावर चढवली, तो काय म्हणाला ते लिहून ठेवलं, ते बाहेर आलं, डिझाइन बदलावं लागलं, आणि २०२५ मध्ये काम दुसऱ्या कंपनीकडे, अँड्युरिलकडे गेलं. आपल्याकडे जाकिटं नऊ वर्षं चाचणीत का अडकली, त्यातली कुठली अट खरोखर गरजेची होती, हे कुणाला धड सांगता येतं का?

चौथा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. बोफोर्सपासून आपले अधिकारी सहीला घाबरतात. सर्वात स्वस्त बोलीवाल्याला, म्हणजे एल-वनला, कंत्राट दिलं की निदान चौकशी तरी लागत नाही. उशीर केला म्हणून आजवर कुणाची चौकशी झाल्याचं ऐकलंय? नाही. चुकीचा निर्णय घेणारा अडकतो, निर्णयच न घेणारा बढती घेऊन निवृत्त होतो. जोवर हे गणित असं आहे तोवर कितीही नियमावल्या आणा, २००२ ची आणा, २०२० ची आणा, फाइल तशीच चालणार. म्हणून उशीर हाही गुन्हा धरला पाहिजे. नाव, हुद्दा आणि तारखेसकट.

मला काय हवंय ते सांगतो, नुसती टीका केली असं नको. एक, साइट, मॅगझिन, गोळ्या आणि बॅटऱ्या ठरल्याशिवाय रायफलच्या करारावर सही नको. एक संच, एक फाइल, एक जबाबदार माणूस. दोन, गरजा लिहिणाऱ्या समितीत गेल्या दोन-तीन वर्षांत सीमेवर राहिलेले हवालदार, नाईक, सुभेदार बसवा, आणि त्यांनी 'हे नको' म्हटलेलं फीचर खोडायची त्यांना मुभा द्या. तीन, चाचणी सुरू झाली की अटी गोठवा. ऐंशी टक्के चांगली वस्तू आज घ्या, उरलेले वीस टक्के पुढच्या खेपेत. चार, प्रत्येक खरेदीच्या मंजुरीची, कराराची आणि प्रत्यक्ष पुरवठ्याची तारीख संसदेपुढे एका तक्त्यात ठेवा. यात गुपित काही नाही. जाकीट कुठे ठेवलंय ते सांगू नका, पण नऊ वर्षं का लागली ते सांगा.

यात रॉकेट सायन्स काही नाही. रॉकेट सायन्स तर आपल्याला छान जमतं, अडतंय ते गॉगल आणि प्लास्टिकच्या डबीपाशी. कारण रॉकेट उडताना सगळा देश टीव्हीसमोर बसतो. मॅगझिन तडकल्याचा आवाज फक्त एका माणसाला ऐकू येतो.

आणि शेवटी आपण. हो, तुम्ही आणि मी. २०२२ मध्ये लष्कराचा नवा डिजिटल छापाचा गणवेश आला तेव्हा त्याच्या रंगावर आपण आठवडाभर बोललो. कॅगच्या अहवालावर किती बोललो? सरकार कुठलंही असो, ते त्याच गोष्टी दाखवतं ज्यांवर आपण टाळ्या वाजवतो. टाळ्या रायफलला मिळतात, म्हणून फोटो रायफलचा निघतो. साइटचा फोटो काढून मतं मिळत नाहीत. (ही यादी २००९ पासूनची आहे, दोन्ही बाजूंच्या भक्तांनी आपापलं सरकार त्यात शोधून घ्यावं.)

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर नव्या बंदुकीचं फॉरवर्ड आलं की तिरंगा टाकायच्या आधी खाली एवढंच विचारून बघा : साइट कधी? किती जवानांना? बॅटरी थंडीत किती तास? 'देशद्रोही' म्हणतील, म्हणू द्या. ज्याच्यासाठी विचारताय तो या क्षणी अंधारात डोळे ताणून बसलेला आहे, आणि त्याला तुमच्या तिरंग्यापेक्षा त्या उत्तराची जास्त गरज आहे.